सोळाशे वस्तीचं गाव, सहा वेळा आयर्लंडचं विजेतेपद: क्रॉसमॅग्लेन रेंजर्स क्लबची गोष्ट

एखाद्या खेळाच्या मैदानाला लागून काय काय असू शकतं? शाळा, देऊळ, बाजार, फार तर रेल्वेचे रूळ. उत्तर आयर्लंडमधल्या क्रॉसमॅग्लेन या गावातल्या मैदानाला लागून कित्येक वर्षं ब्रिटिश लष्कराचा तळ होता. उंच भिंती, टेहळणीचे मनोरे, कॅमेरे आणि डोक्यावरून खाली उतरणारी हेलिकॉप्टर्स, असा सगळा थाट. मैदानाच्या जमिनीचा काही भागही लष्कराने ताब्यात घेतला होता.

या गावातला फुटबॉल क्लब मात्र तिथून हलला नाही. उरलेल्या मैदानात सराव चालू राहिला, पोरं मोठी होत गेली आणि १९९७ ते २०१२ या काळात याच गावच्या संघाने आयर्लंडमधल्या सर्वोत्तम क्लबचं विजेतेपद सहा वेळा पटकावलं. २०११ च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या होती जेमतेम सोळाशे!

क्लबचं नाव आहे क्रॉसमॅग्लेन रेंजर्स आणि तो जो खेळ खेळतो त्याचं नाव गेलिक फुटबॉल.

गेलिक फुटबॉल म्हणजे नेमकं काय?

आपल्याला माहीत असलेला फुटबॉल आणि रग्बी यांच्या मधला खेळ, असं पटकन सांगता येईल. पण तो या दोघांचं मिश्रण नाही. आयर्लंडचा तो स्वतंत्र खेळ आहे.

दोन्ही संघांत प्रत्येकी १५ खेळाडू असतात. चेंडू गोल असतो. तो हातात घेता येतो, लाथेने मारता येतो आणि मुठीने ठोसून साथीदाराकडे देता येतो. हातात चेंडू घेऊन मात्र चारच पावलं टाकता येतात. त्यानंतर तो जमिनीवर आपटून परत झेलावा लागतो किंवा पायाच्या चवड्यावर टाकून पुन्हा हातात उडवून घ्यावा लागतो. धावता धावता पायावरून हातात चेंडू घेण्याच्या या कसबाला तिथे ‘सोलो’ म्हणतात. लागोपाठ दोनदा चेंडू जमिनीवर आपटायला परवानगी नाही.

गोलपोस्ट इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखा असतो. आडव्या दांडीखालून जाळ्यात चेंडू गेला तर तो गोल, त्याचे तीन गुण. दांडीवरून दोन उभ्या खांबांच्या मधून गेला तर एक गुण. २०२५ पासून लांबून मारलेल्या फटक्याला दोन गुण देण्याचा नियमही आला आहे.

त्यामुळे धावफलक पहिल्यांदा पाहणारा माणूस गोंधळतो. तिथे २-१३ असं लिहिलेलं असतं. म्हणजे दोन गोल आणि १३ गुण. दोन गोलांचे सहा आणि वरचे १३ मिळून एकूण १९.

पगार नाही, बदली नाही

या खेळाची सगळी सूत्रं गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन या संघटनेकडे आहेत. आयर्लंडमध्ये तिला सगळे ‘जीएए’ म्हणतात. १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स या गावातल्या हेज हॉटेलमध्ये तिची स्थापना झाली. मायकल क्युसॅक आणि मॉरिस डेव्हिन हे त्यामागचे प्रमुख लोक. तेव्हा अख्खा आयर्लंड ब्रिटिशांच्या ताब्यात होता आणि क्रिकेट, रग्बी यांसारख्या इंग्रजी खेळांचा बोलबाला होता. आपले खेळ, आपली भाषा टिकवायची या विचारातून ही संघटना उभी राहिली.

तिची रचना समजली की क्रॉसमॅग्लेनची गोष्ट समजते. सगळ्यात खालची पायरी म्हणजे क्लब. क्लब सहसा एका ‘पॅरिश’चा असतो. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीत येणारं गाव आणि आसपासच्या वाड्या. त्याच्या वरची पायरी म्हणजे काउंटी, साधारण आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी. त्याच्या वर चार प्रांत आणि सगळ्यात वर अखिल आयर्लंड स्पर्धा.

खेळाडू सहसा ज्या गावात वाढला त्याच गावाकडून खेळतो. खेळाडूंचा लिलाव होत नाही, त्यांना कोणी विकत घेत नाही. खेळण्याचा पगारही मिळत नाही. रविवारी हजारो लोकांसमोर खेळणारा माणूस सोमवारी शाळेत शिकवायला, शेतावर किंवा बांधकामावर कामाला जातो. संपूर्ण आयर्लंडमध्ये असे दोन हजारांहून अधिक क्लब आहेत.

याचा अर्थ असा की एखाद्या गावात चांगली पिढी आली तर ती त्याच गावासाठी खेळते आणि नाही आली तर गावाला वाट पाहावी लागते. बाहेरून खेळाडू आणून संघ उभा करण्याची सोय नाही. म्हणून सोळाशे वस्तीच्या गावाने सहा वेळा देश जिंकणं ही फार मोठी गोष्ट ठरते.

सीमेवरचं गाव

क्रॉसमॅग्लेन आर्मा काउंटीच्या दक्षिण टोकाला आहे. रेंजर्स क्लबची स्थापना १८८७ ची, म्हणजे जीएए स्थापन झाल्यानंतर तीनच वर्षांनी. काळा आणि पिवळसर केशरी हे क्लबचे रंग. १९०६ मध्ये त्यांनी पहिल्यांदा आर्मा काउंटीचं विजेतेपद जिंकलं.

त्या काळात सीमा वगैरे काही नव्हती. १९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली. दक्षिणेकडच्या २६ काउंटी पुढे स्वतंत्र झाल्या आणि उत्तरेकडच्या सहा ब्रिटनकडे राहिल्या. आर्मा त्या सहांपैकी एक. नवी सीमा क्रॉसमॅग्लेनपासून अवघ्या काही किलोमीटरवर आली. गावातले जवळपास सगळे लोक कॅथलिक आणि स्वतःला आयरिश मानणारे, पण राज्य ब्रिटनचं.

जीएएने मात्र ही फाळणी आपल्या खेळात कधीच येऊ दिली नाही. तिच्या स्पर्धा आजही ३२ काउंटींच्या असतात. म्हणजे कागदावर ब्रिटनमध्ये असलेल्या गावातला मुलगा अंतिम सामना खेळायला डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये जातो आणि तिथे तो परदेशी नसतो. सीमेवरच्या गावात या क्लबला इतकी किंमत का, याचं अर्धं उत्तर यात आहे.

खेळ आणि राजकारण यांची ही गाठ फाळणीच्याही आधीची. १९१८ मध्ये ब्रिटिश सरकारने सार्वजनिक कार्यक्रमांसाठी परवाना सक्तीचा केला. तेव्हा जीएएने ४ ऑगस्ट १९१८ रोजी देशभर एकाच वेळी विनापरवाना सामने भरवले. दोन वर्षांनी, २१ नोव्हेंबर १९२० रोजी, क्रोक पार्कमध्ये सामना चालू असताना ब्रिटिश दलांनी गोळीबार केला आणि त्यात १४ लोकांचा जीव गेला. मैदानावर जमणं हीच एक राजकीय गोष्ट होऊन बसली होती.

मैदानाशेजारी लष्कर कसं आलं?

१९६० च्या दशकाच्या अखेरीस उत्तर आयर्लंडमध्ये हिंसाचार उफाळला. तो पुढे तीस वर्षं चालला. या काळाला तिथे ‘द ट्रबल्स’ म्हणतात. साडेतीन हजारांहून अधिक लोक यात मारले गेले. एका बाजूला आयर्लंड एक करण्यासाठी हत्यार उचललेली आयआरए, दुसऱ्या बाजूला ब्रिटनशी निष्ठा असलेले सशस्त्र गट आणि त्यात पोलीस व ब्रिटिश लष्कर.

दक्षिण आर्मा हा आयआरएचा सर्वांत मजबूत पट्टा होता. ब्रिटनचे उत्तर आयर्लंडविषयक मंत्री मर्लिन रीस यांनी १९७० च्या दशकात या भागाला ‘डाकूंचा मुलूख’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं. रस्त्याखाली सुरुंग पेरले जात असल्यामुळे लष्कराला गाड्यांनी प्रवास करणं धोक्याचं झालं. मग जवान, जेवण, दारूगोळा सगळं हेलिकॉप्टरने यायला लागलं. जवळच्या बेसब्रुकमधला हेलिकॉप्टर तळ तेव्हा युरोपातल्या सर्वांत गजबजलेल्या हेलिकॉप्टर तळांपैकी एक मानला जायचा.

क्रॉसमॅग्लेनमधलं पोलीस ठाणं रेंजर्सच्या मैदानाला लागूनच होतं. लष्कराने तिथे आपला तळ उभारला. तळ वाढला तशी त्याला जागा हवी झाली, हेलिकॉप्टर उतरवायला मोकळी वाट हवी झाली आणि १९७० च्या दशकात क्लबच्या जमिनीचा काही भाग सरकारी अधिकाराने ताब्यात घेतला गेला.

या मैदानाचं नाव आहे सेंट ऑलिव्हर प्लंकेट पार्क. ऑलिव्हर प्लंकेट हे आर्माचे आर्चबिशप. १६८१ मध्ये इंग्रजांनी त्यांना लंडनमध्ये मृत्युदंड दिला आणि १९७५ मध्ये पोपने त्यांना संतपद दिलं. अशा माणसाचं नाव असलेल्या मैदानात ब्रिटिश लष्कराची भिंत उभी राहिली, याचा गावावर काय परिणाम झाला असेल याची कल्पना करता येते.

सराव चालू असताना हेलिकॉप्टर डोक्यावर यायचं, त्याच्या आवाजात प्रशिक्षकाचं बोलणं ऐकू यायचं नाही, खेळ थांबवावा लागायचा. मैदानावर येता-जाता झडती व्हायची. क्लबने जमिनीसाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, जीएएने हा विषय लावून धरला, डब्लिनमधल्या आयरिश सरकारनेही तो लंडनकडे मांडला. पण तळ हलला नाही.

दुसरी बाजूही आहे

ही गोष्ट फक्त अन्यायाची म्हणून सांगितली तर ती अपुरी राहते. दक्षिण आर्मात आयआरएने शंभराहून अधिक ब्रिटिश सैनिक मारले. क्रॉसमॅग्लेनच्या चौकातही सैनिक मारले गेले. त्यातले कित्येक जण विशी-बाविशीचे, म्हणजे मैदानावर खेळणाऱ्या पोरांच्याच वयाचे होते. मार्च १९९४ मध्ये याच तळावर उतरणाऱ्या हेलिकॉप्टरवर मॉर्टर डागून ते पाडण्यात आलं. भिंती इतक्या उंच का होत्या, त्याचं कारण हे.

जीएएच्या घटनेतही एक दार बंद होतं. तिच्या २१ क्रमांकाच्या नियमानुसार ब्रिटिश लष्करातल्या आणि उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलातल्या कोणालाही संघटनेचं सदस्य होता येत नव्हतं. ज्यांच्या मैदानाची जमीन लष्कराने घेतली त्यांना हा नियम रास्त वाटायचा. पोलिसात जाऊ पाहणाऱ्या कॅथलिक तरुणाला मात्र तो आपल्याच गावच्या क्लबमधून बाहेर ठेवत होता.

१९९७: महिनाभरात दोन बातम्या

१२ फेब्रुवारी १९९७ रोजी बेसब्रुकच्या तपासणी नाक्यावर एका ब्रिटिश सैनिकाला दूरवरून नेम धरून मारण्यात आलं. दक्षिण आर्माचं नाव पुन्हा एकदा जगभर गेलं.

त्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, १७ मार्चला, म्हणजे सेंट पॅट्रिकच्या दिवशी, दक्षिण आर्मा वेगळ्या कारणाने बातम्यांत होतं. क्रोक पार्कमध्ये अखिल आयर्लंड क्लब स्पर्धेचा अंतिम सामना होता. क्रॉसमॅग्लेन रेंजर्सने मेयो काउंटीतल्या नॉकमोर क्लबला २-१३ विरुद्ध ०-११ असं हरवलं. गावच्या इतिहासातलं हे पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. संघ चषक घेऊन परतला तो त्याच मनोऱ्यांच्या सावलीतल्या गावात.

या संघाचे प्रशिक्षक होते जो कर्नन. ते याच गावचे, याच क्लबचे जुने खेळाडू. त्यांच्या हाताखाली ओशीन मॅककॉन्व्हिल, फ्रान्सी बेल्यू आणि जुळे भाऊ टोनी व जॉन मॅकएन्टी ही पिढी घडली. १९९९ मध्ये त्यांनी बॅलिना स्टीफनाइट्सला ०-९ विरुद्ध ०-८ असं एका गुणाने हरवलं. पुढच्याच वर्षी डब्लिनच्या ना फिआना क्लबला १-१४ विरुद्ध ०-१२ असं हरवून चषक राखला. म्हणजे चार वर्षांत तीन विजेतेपदं.

घरच्या काउंटीत तर त्यांना कोणी हरवूच शकत नव्हतं. १९९६ ते २००८ अशी सलग १३ वर्षं आर्माचं विजेतेपद क्रॉसमॅग्लेनकडेच राहिलं. २००९ मध्ये पिअर्स ओग क्लबने ही साखळी तोडली. नंतर २००७, २०११ आणि २०१२ मध्ये आणखी तीन राष्ट्रीय विजेतेपदं आली. त्यातली २००७ ची डॉ. क्रोक्स आणि २०१२ ची गॅरीकॅसल विरुद्धची, या दोन्ही लढती बरोबरीत सुटल्यावर पुन्हा खेळवाव्या लागल्या होत्या. सहापेक्षा जास्त म्हणजे सात विजेतेपदं आहेत ती फक्त नेमो रेंजर्सची आणि तो कॉर्क शहरातला क्लब आहे.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पहिल्या तीन विजेतेपदांच्या वेळचा खेळाडू टोनी मॅकएन्टी २०११ आणि २०१२ मध्ये संघाच्या प्रशिक्षकांपैकी एक होता. जो कर्नन यांची मुलंही पुढे याच क्लबकडून खेळली. गावाबाहेरून काही आणता येत नसेल तर आतलंच पुन्हा पुन्हा पेरावं लागतं. क्रॉसमॅग्लेनने नेमकं तेच केलं.

गावाकडून काउंटीकडे

क्लबच्या यशाचा फायदा आर्मा काउंटीलाही झाला. आर्माने तोवर अखिल आयर्लंड स्पर्धा कधीच जिंकली नव्हती. १९५३ आणि १९७७ मध्ये अंतिम सामन्यात हार झाली होती. १९७७ च्या त्या संघात जो कर्नन खेळाडू होते.

२००२ मध्ये तेच कर्नन आर्माचे प्रशिक्षक म्हणून अंतिम सामन्यात पोहोचले. समोर बलाढ्य केरी. मध्यंतराला आर्मा चार गुणांनी मागे होता आणि मॅककॉन्व्हिलने पेनल्टी दवडली होती. कर्नन यांनी खेळाडूंच्या खोलीत १९७७ चं आपलं पराभूत संघाचं स्मृतिचिन्ह बाहेर काढलं, सगळ्यांना दाखवलं आणि भिंतीवर भिरकावून फोडलं. हरणाऱ्याला एवढंच मिळतं, असा त्याचा अर्थ. दुसऱ्या सत्रात मॅककॉन्व्हिलनेच गोल केला आणि आर्माने १-१२ विरुद्ध ०-१४ असा एका गुणाने सामना जिंकला. काउंटीचं हे पहिलं विजेतेपद.

दुसऱ्यासाठी २२ वर्षं थांबावं लागलं. २८ जुलै २०२४ रोजी आर्माने गॉलवेला १-११ विरुद्ध ०-१३ असं हरवलं. प्रशिक्षक होते किअरन मॅकगीनी, २००२ च्या संघाचे कर्णधार. या संघात क्रॉसमॅग्लेनचे रियन आणि ओशीन हे ओ’नील बंधू होते.

जमीन परत कशी मिळाली?

१० एप्रिल १९९८ रोजी गुड फ्रायडे करार झाला. हिंसाचार थांबला, तशी लष्कराची गरज कमी होत गेली. टेकड्यांवरचे आणि चौकातले मनोरे उतरवले गेले. ताब्यात घेतलेली क्लबची जमीन टप्प्याटप्प्याने परत आली. ३१ जुलै २००७ रोजी उत्तर आयर्लंडमधली ब्रिटिश लष्कराची ३८ वर्षांची मोहीम अधिकृतपणे संपली. त्या वर्षी क्रॉसमॅग्लेनकडे अखिल आयर्लंड चषकही होता.

जीएएनेही आपलं दार उघडलं. नोव्हेंबर २००१ मध्ये उत्तर आयर्लंडचं पोलीस दल नव्या नावाने, नव्या रचनेत आलं आणि त्याच महिन्यात २१ क्रमांकाचा नियम रद्द झाला. हा निर्णय सोपा नव्हता. उत्तरेतल्या सहा काउंटींपैकी डाउन सोडून बाकीच्यांनी, म्हणजे आर्मानेही, त्याला विरोध केला होता. तरीही पुढच्याच वर्षी उत्तरेच्या पोलिसांचा स्वतःचा गेलिक फुटबॉल संघ तयार झाला आणि तो दक्षिणेच्या पोलिसांविरुद्ध सामना खेळला.

जखमा सगळ्या भरल्या असं नाही. २०२१ मध्ये दक्षिण आर्मातल्या पोलीस व्यवस्थेचा आढावा घेणारा अहवाल आला. त्यातही क्रॉसमॅग्लेनचं पोलीस ठाणं बंद करावं अशी शिफारस होती. संघर्षाच्या काळात किल्ल्यासारखं बांधलेलं ते ठाणं गावकऱ्यांना जवळचं वाटणं अवघड होतं.

एका गावच्या क्लबचं इतकं काय?

आयर्लंडच्या खेड्यांत क्लब म्हणजे फक्त ११ किंवा १५ जणांचा संघ नसतो. लहान मुलांचे संघ, मोठ्यांचा संघ, मैदानाची निगा राखणारे, तिकिटं फाडणारे, चहा करणारे, पोरांना गाडीतून सामन्याला नेणारे असे सगळे त्यात येतात आणि यातलं जवळपास सगळं काम विनामोबदला चालतं. गावात कोणी गेलं तर अंत्ययात्रेत क्लबचे लोक दुतर्फा उभे राहतात.

म्हणूनच क्रॉसमॅग्लेनमध्ये ती जमीन म्हणजे नुसता गवताचा तुकडा नव्हता. दुसरं मैदान कदाचित कुठेतरी मिळालं असतं. पण क्लबने ते गाव आणि ती जागा धरून ठेवली. आज आर्मा काउंटीची ४५ हून अधिक विजेतेपदं क्रॉसमॅग्लेन रेंजर्सच्या नावावर आहेत आणि सेंट ऑलिव्हर प्लंकेट पार्कवर पोरांचा सराव चालूच आहे. फरक एवढाच की आता प्रशिक्षकाचा आवाज त्यांना ऐकू येतो.